निनावी छळाचे कायदे आणि गेममधली हिंसा: कायदा नेमका कुणाला धरतोय?

काजवा (धागाकर्ता)

इंटरनेटवर नाव लपवून माणसांना छळणाऱ्यांना आवरायचे कायदे आणि व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरून होणारा वाद, हे दोन विषय लोक वेगवेगळे बोलतात पण मला ते एकत्रच बोलायचेत म्हणून धागा एकच काढतोय. दोन्हीकडे गाडी एकाच रस्त्याने जाते. काहीतरी भयंकर घडतं, सगळे हादरतात, आणि मग कायदा करणारे जे डोळ्याला आधी दिसतं त्यावर हात टाकतात. छळाच्या प्रकरणात दिसतं ते खोटं नाव, गेमच्या प्रकरणात दिसतं ते स्क्रीनवरचं रक्त. ज्या माणसाला खरोखर इजा होतेय त्याच्या हातात काय पडलं हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी छळाचं बघू. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेत बुश यांनी स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या नूतनीकरणावर सही केली. अशा कायद्याला विरोध कोण करणार? त्यात ११३ नंबरचं एक छोटंसं कलम होतं. फोनवरून नाव न सांगता लोकांना सतावणाऱ्यांसाठी जुना कायदा होताच, तो या कलमाने इंटरनेटलाही लागला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हेतू चांगलाच होता. पण त्या जुन्या कायद्यात धमकी देणं, छळ करणं यांच्याच रांगेत 'चीड आणायच्या हेतूने' असंही होतं आणि तेही आता सगळ्या इंटरनेटला लागलं, म्हणजे नाव न सांगता एखाद्या पुढाऱ्याला झोंबेल असं काही पाठवलं तरी कागदोपत्री तो गुन्हा ठरू शकत होता. पुढे २०१३ साली नूतनीकरण करताना त्यांनी ते चीड आणणं काढून टाकलं आणि छळ 'ठराविक व्यक्तीचा' असला पाहिजे असं घातलं. माझ्या मते या सगळ्या वादातली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलतच नाही.

आपल्याकडे हेच जास्त वाईट तऱ्हेने झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं. धमकी, अपमान, शत्रुत्व यांच्याबरोबर 'त्रास' आणि 'गैरसोय' हेही त्यात, आणि तीन वर्षांपर्यंत कैद. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं आणि दुसरीने ते नुसतं लाइक केलं होतं. दोघी स्वतःच्या नावाने होत्या, लपवलेलं काहीच नव्हतं! २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. आणि तरी २०२१ मध्ये कोर्टापुढे आलं की पोलीस त्याच रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवतायत.

आता गेम. १९७६ साली 'डेथ रेस' नावाचं आर्केड मशीन आलं, काळ्यापांढऱ्या काड्यांच्या आकृत्यांवर गाडी घालायची, त्यावरूनसुद्धा गदारोळ झाला होता. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप'वरून अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि सरकारने काही करायच्या आत कंपन्यांनीच १९९४ मध्ये वयानुसार रेटिंग देणारं मंडळ काढलं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर 'डूम'वर खापर फुटलं, नातेवाईकांनी गेम कंपन्यांवर दावे लावले, ते कोर्टात टिकले नाहीत. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ लोक मारले गेले तेव्हा टीव्हीवर त्याच दिवशी गेमचं नाव घेतलं गेलं, नंतर चौकशीत त्या मुलाला हिंसक गेमचं वेड असल्याचं काही निघालं नाही. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये १८ वर्षांखालच्यांना हिंसक गेम विकायला बंदी करणारा कायदा केला, एका विक्रीला हजार डॉलरपर्यंत दंड. तो २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ ने पडला. न्या. स्कालिया यांनी लिहिलं की मुलांना आपण ग्रिमच्या परीकथा देतोच की, त्यातही सावत्र आईला तापलेले बूट घालून मरेपर्यंत नाचवतात आणि पोरं म्हातारीला भट्टीत ढकलतात.

मला म्हणायचंय ते इतकंच की खोटं नाव हा गुन्हा नाही आणि गेममधला खून हा खून नाही. कायद्याने धरायचं ते एका माणसाने दुसऱ्या ठराविक माणसाला जे केलं ते. तुम्हाला काय वाटतं लिहा, वेगळं मत असेल तर जास्त बरं.

---

शेवंती

काजवा, माहिती चांगली दिलीत पण मी आई म्हणून लिहितेय, मुलगा आठवीत आहे आणि कोर्टाने काय म्हटलं यावर माझं समाधान होत नाही. गेम खेळून उठला की तासभर त्याच्याशी बोलायची सोय नसते, चिडलेला असतो, धाकट्या बहिणीवर ओरडतो. तुम्ही म्हणता गेममधला खून खून नाही, मान्य, पण रोज तीन तीन तास माणसं मारायची सवय डोक्यात काहीच करत नाही हे मला पटत नाही. यावर संशोधन झालंय ना? मग ते काय सांगतं ते सरळ सांगा.

---

काजवा

शेवंतीताई, सरळ सांगायचं तर आक्रमकपणा आणि हिंसा या दोन गोष्टी संशोधक वेगळ्या धरतात आणि बातमी देणारे त्या एक करून टाकतात.

प्रयोगशाळेत आक्रमकपणा कसा मोजतात बघा. गेम खेळून झाल्यावर मुलाला सांगतात की समोरच्या स्पर्धकाच्या कानात किती मोठा आवाज सोडायचा ते तू ठरव, किंवा त्याच्या खाण्यात किती तिखट सॉस घालायचा ते ठरव. हिंसक गेम खेळलेली मुलं जरा जास्त आवाज सोडतात असं काही प्रयोगांत दिसलं. त्यावरून शाळेत बंदूक घेऊन जाणाऱ्या मुलापर्यंत उडी मारता येत नाही. २०१८ मध्ये २४ अभ्यास आणि १७ हजारांवर मुलं एकत्र धरून एक विश्लेषण आलं, त्यात गेम आणि पुढची मारामारी यांत संबंध दिसला पण तो लहान होता. उलट २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रिझिबिल्स्की यांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, काय तपासणार ते आधीच जाहीर करून, आणि मुलांची वागणूक कशी आहे ते पालकांना विचारून, त्यात संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं की ओरडणं ढकलणं अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो पण खऱ्या हिंसेसाठी गेमला जबाबदार धरायला पुरेसा पुरावा नाही.

म्हणजे तुम्हाला घरात जे दिसतंय ते खोटं नाहीये. चिडचिड खरी आहे. पण ती गेममधल्या रक्ताने येते की हरल्याने येते, की झोप कमी झाल्याने, की खेळताना कानात जे पडतं त्याने, हे शोधायला हवं. एक विचारतो, तो हेडफोन लावून अनोळखी लोकांशी बोलत खेळतो का?

---

तिसरीघंटा

मी दोघांशीही सहमत नाही. सगळ्याचं मूळ निनावीपणाच आहे. समोर उभं राहून जे बोलायची माणसाची हिंमत नसते ते खोट्या नावाने सर्रास बोलतो. सिम कार्डाला ओळखपत्र लागतं, बँकेत लागतं, मग सोशल मीडिया आणि गेमच्या खात्यालाच का नको. ज्याला काही लपवायचं नाही त्याला नाव द्यायला काय हरकत? नाव उघड झालं की निम्मी घाण आपोआप बंद होईल. तत्त्वाच्या गप्पा ठीक आहेत पण ज्या मुलीच्या इनबॉक्समध्ये रोज घाणेरडे मेसेज पडतात तिला तुमच्या अमेरिकन कोर्टाचा काय उपयोग.

---

आडवाट

तिसरीघंटा, तुमची कळकळ समजते, मी वकिली करतो आणि असे मेसेज घेऊन येणाऱ्या मुली मी ऑफिसात बघतो. पण खऱ्या नावाचा प्रयोग करून झालाय. दक्षिण कोरियात २००७ पासून मोठ्या साइटवर कॉमेंट टाकायला ओळख पटवणं कायद्याने सक्तीचं होतं. मग साइटकडे कोट्यवधी लोकांचे ओळख क्रमांक साठले आणि २०११ मध्ये 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या साइट हॅक होऊन सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने ती सक्ती रद्द केली, आणि एक कारण हेच दिलं की घाणेरड्या कॉमेंट लक्षात येण्याजोग्या कमी झाल्याचं दिसत नाही.

गेमच्या जगातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१० च्या जुलैत ब्लिझार्ड कंपनीने जाहीर केलं की आमच्या फोरमवर यापुढे प्रत्येकाचं खरं नाव दिसणार, भांडणं कमी व्हावीत म्हणून. एका कर्मचाऱ्याने हे किती निरुपद्रवी आहे ते दाखवायला स्वतःचं नाव टाकलं आणि थोड्या वेळात लोकांनी त्याचा फोन, पत्ता, घरच्यांची माहिती शोधून टाकली. तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. नाव उघड झाल्यावर छळ करणाऱ्याचं नाही, छळ होणाऱ्याचं नुकसान आधी होतं.

आणि 'लपवायचं नाही त्याला काय हरकत' यावर इतकंच म्हणेन की गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. सरकारी नोकरी करत होते. स्वतःच्याच समाजावर इतकं कडक लिहिणाऱ्याला नाव झाकायची गरज होती, आणि ती लाजेची गोष्ट नव्हती.

---

कवडसा

मी गेम खेळते, बरीच वर्षं खेळते, स्पर्धेतही खेळले आहे, म्हणून लिहिते. इथे आत्तापर्यंत कुणी माइकबद्दल बोललंच नाही.

बंदुका, रक्त, स्फोट यांनी मला कधी झोप उडवली नाही. माइक सुरू करून एक वाक्य बोलले की समोरून जे सुरू होतं त्याने उडवली आहे. आवाजावरून मुलगी आहे हे कळायचा अवकाश, पहिलं शरीरावर, मग 'कुठली आहेस', मग हरलो तर दोष माझा, जिंकलो तर कुणीतरी मला जिंकवलं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुली माइक बंद करून खेळतात किंवा मुलाचं नाव घेऊन खेळतात. तिसरीघंटा, तुम्ही म्हणता ती खऱ्या नावाची सक्ती आली तर ते मुलाचं नावही जाईल. निनावीपणा आमचंही कवच आहे हो.

एकदा एका खेळाडूने गेमच्या बाहेर मला शोधून काढलं. वेगवेगळ्या खात्यांवरून मेसेज, मी ब्लॉक केलं की नवं खातं. त्यात माझ्या कॉलेजचं नाव होतं, मी कधी घरी जाते ते होतं. तक्रार द्यायला गेले तिथे मला विचारलं गेलं की तुम्ही असले गेम खेळताच कशाला. गेममध्ये मारामारी असते म्हणून माझी तक्रार हलकी झाली! हा जो वाद आहे ना, गेमने हिंसा होते की नाही, त्याचा मला प्रत्यक्षात मिळालेला परिणाम हा. सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवर, आणि स्क्रीनच्या पलीकडून एक माणूस माझ्या मागे लागलाय तिकडे कुणाचं नाही.

---

काजवा

कवडसा, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. धाग्याचा खरा विषय हाच आहे आणि मी कोर्टांच्या तारखांत तो पुरता मांडलाच नव्हता.

गेमच्या जगात जी खरी हिंसा झाली ती कशी झाली बघा. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळणाऱ्या दोघांत दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झालं. एकाने दुसऱ्याला खोटा जुना पत्ता दिला आणि वर आव्हान दिलं. त्या दुसऱ्याने तिसऱ्याच माणसाला सांगून पोलिसांना खोटा फोन करवला की या घरात खून झालाय आणि घरच्यांना ओलीस धरलंय. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात पोलीस त्या पत्त्यावर गेले आणि दारात आलेल्या माणसाला गोळी लागली. त्या माणसाचा गेमशी, पैजेशी, कुणाशी काही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. गेममध्ये त्या दिवशी शेकडो वेळा गोळ्या झाडल्या गेल्या असतील, माणूस मेला तो एका फोनने.

२०१४ च्या गेमरगेट प्रकरणातही तेच. गेम बनवणाऱ्या आणि गेमवर टीका करणाऱ्या बायकांचे पत्ते बाहेर टाकले, घर सोडायला लावलं. अनिता सार्कीसियन यांचं युटाच्या विद्यापीठात व्याख्यान होतं, ते झालं तर गोळीबार करू असा निनावी ईमेल आला, तिथल्या कायद्यामुळे सभागृहात परवानाधारकांना बंदूक आणायला मनाई करता येत नव्हती, शेवटी त्यांना व्याख्यान रद्द करावं लागलं. त्या गेममधल्या बायकांच्या चित्रणावर बोलत होत्या. गेममुळे हिंसा होते की नाही यावर तावातावाने वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक त्या वेळी कुठे होते असा प्रश्न मला अजून पडतो.

---

शेवंती

काजवा, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, हो, हेडफोन लावून खेळतो आणि अनोळखी लोकांशी बोलतो. तुमचा प्रश्न वाचून काल त्याच्या परवानगीने मी थोडा वेळ ते ऐकलं. मला वाटत होतं मुलं मुलं खेळतायत. त्यात मोठी माणसं होती, आवाजावरून तिशीतली असतील, आणि ती माझ्या मुलाला आईवरून शिव्या देत होती, तू मरून जा म्हणत होती, आणि तो हसत होता कारण हसलं नाही तर आणखी देतात असं त्याने मला नंतर सांगितलं. कवडसा, तू लिहिलंस ते वाचून आणि हे ऐकून माझा राग आता गेमवरून दुसरीकडे गेलाय. बंदी घालून हे कसं थांबणार ते मला कळत नाही, पण काहीच करता येत नाही असंही म्हणू नका.

---

तिसरीघंटा

आडवाट, कोरियाचं वाचून विचार करतोय. सक्ती सोडा, पण मग कवडसाच्या मागे लागलेल्या माणसाचं नाव शोधायचं कसं? कुणालाच नाव सांगायचं नाही असं म्हटलं तर गुन्हेगार सुटला. बंदी नको, खरं नाव नको, मग हवं काय ते एकदा नीट सांगा.

---

आडवाट

प्रश्न रास्त आहे. उत्तर लांब आहे, तुकड्यातुकड्यांत देतो.

पहिली गोष्ट, निनावी असणं म्हणजे सापडू न शकणं नव्हे. लोकांना नाव दिसत नाही म्हणून कंपनीकडे आयपी पत्ता, फोन नंबर, लॉगिनच्या वेळा नसतात असं नाही. प्रश्न फक्त तो पडदा कुणी आणि कधी उचलायचा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कोर्टाने २००१ मध्ये डेंड्राइट खटल्यात याची पद्धत घालून दिली: निनावी माणसाला आधी कळवा की तुझं नाव मागतायत, तक्रार करणाऱ्याने नेमकी कोणती वाक्यं ते दाखवावं, दाव्यात दम आहे इतका पुरावा आणावा, आणि मग न्यायाधीशाने दोन्ही बाजू तोलून नाव द्यायचं की नाही ठरवावं. त्या खटल्यात कंपनीला टीकाकाराचं नाव मिळालं नाही. ही पद्धत मला आवडते कारण नाव उघडायची किल्ली कंपनीकडेही नाही, पुढाऱ्याकडेही नाही. दिवाणी दाव्यासाठी आहे हे लक्षात ठेवा, जिवाच्या धमकीत पोलिसांना इतकं थांबावं लागत नाही. जपाननेही टीव्हीवरच्या एका तरुण कुस्तीपटूच्या मृत्यूनंतर हाच मार्ग घेतला, निनावी छळ करणाऱ्याची ओळख कोर्टातून मिळवायची प्रक्रिया सोपी केली, ती २०२२ पासून लागू आहे. त्याच वर्षी त्यांनी अपमानासाठी एक वर्षापर्यंत कैदही आणली, तो भाग मला पटत नाही, ६६अ चा अनुभव आपण घेतलाय.

दुसरी, आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ६६अ गेलं म्हणून छळ मोकळा झाला असं लोक समजतात, तसं नाहीये. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ३५१(४) मध्ये नाव लपवून धमकी देणाऱ्याला साध्या धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे बघा, नाव लपवणं एकटं गुन्हा नाही, धमकी आधी सिद्ध व्हावी लागते. हीच योग्य रचना आहे आणि ती जुन्या दंड संहितेतही कलम ५०७ म्हणून होतीच, इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून. कलम ७८ पाठलागाचं, त्यात बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही येतं, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच. कवडसाच्या बाबतीत हे दोन्ही लागू शकतात. मात्र कलम ७८ मध्ये आरोपी पुरुष आणि पीडित स्त्रीच लागते, म्हणजे शेवंतीताईंच्या मुलामागे कुणी लागलं तर ते उपयोगाचं नाही. ही मोठी फट आहे आणि ती बुजवायला हवी. खासगी फोटो टाकले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६इ, ६७, ६७अ ही कलमं आहेत, आणि २०२१ च्या नियमांनी असे फोटो किंवा तोतया खातं तक्रारीनंतर ठराविक तासांत हटवायचं बंधन कंपन्यांवर घातलं.

तिसरी गोष्ट कामाची. ब्लॉक करायच्या आधी सगळं जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट नको, खात्याचा पूर्ण पत्ता म्हणजे लिंक, तारीख, वेळ दिसली पाहिजे. लोक रागाने आधी डिलीट करतात आणि मग माझ्याकडे येतात. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ब, म्हणून मूळ फोन फॉरमॅट करू नका. तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही देता येते, ठाण्यात कुणी गेम का खेळतेस विचारत बसलं तर पोर्टलचा पावती क्रमांक हातात असलेला बरा.

---

कवडसा

आडवाट, हे आधी माहीत असतं तर खूप बरं झालं असतं. पण एका गोष्टीवर माझं तुमच्याशी आणि काजवाशी भांडण आहे. तुम्ही दोघंही कायदा आखूड ठेवायचं म्हणताय, फक्त थेट धमकी धरा. मला आलेल्या मेसेजमध्ये 'मारून टाकीन' असं एकदाही नव्हतं. 'आज निळा ड्रेस छान होता' असं होतं. एकेक मेसेज सुटा वाचला तर कुणीही म्हणेल यात काय आहे. अशा शंभर मेसेजचं काय करणार? तो उद्या म्हणेल माझा हेतू चांगला होता, मला ती आवडते.

---

काजवा

हा आक्षेप खरा आहे आणि याच्यावर अमेरिकेचं सुप्रीम कोर्टसुद्धा अडखळलंय. २०२३ चा काउंटरमन खटला जवळजवळ तू म्हणतेस तसाच होता. एका गायिकेला एका अनोळखी माणसाने फेसबुकवर शेकडो मेसेज पाठवले, ती ब्लॉक करत गेली, तो नवी खाती काढत गेला, काही मेसेज गोड, काही भीतीदायक. तिने कार्यक्रम रद्द केले. कोर्ट ७ विरुद्ध २ ने म्हणालं की मेसेज धमकी म्हणून शिक्षेला धरायचे तर आपलं बोलणं धमकावणारं वाटेल याची जाणीव असूनही त्याने बेफिकिरीने ते केलं, इतकं तरी सिद्ध करा. त्याची शिक्षा उलटली. मला तो निकाल वाचून वाईट वाटलं. पण त्यातच न्या. सोतोमायर यांनी वेगळं मत लिहिताना म्हटलं की पाठलागाच्या खटल्यात एकेका मेसेजमधल्या मजकुरापेक्षा पुन्हा पुन्हा नकोशा संपर्काचा प्रश्न असतो, तो वेगळा विचारात घेता येतो. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिकडे आहे. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते मोजू नका. नको म्हटल्यावर, ब्लॉक केल्यावर, खातं बदलून पुन्हा आला का ते मोजा. ब्लॉक नंतरचं नवं खातं हाच पुरावा. आमच्याकडून कायदा आखूड हवा म्हणताना मला एवढं वाक्य त्यात नक्की हवंय.

---

आडवाट

+१. आपल्या कलम ७८ मध्येही स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क, असंच आहे. म्हणून एकदा तरी लेखी 'पुन्हा संपर्क करू नका' असं कळवून ठेवावं असं मी सांगतो. काही मुलींना तेही धोक्याचं वाटतं, त्यांच्यावर जबरदस्ती नाही.

---

शेवंती

आणि लहान मुलांचं? गुजरातेत पब्जी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडलं होतं ते आठवतंय मला.

---

काजवा

हो, २०१९ च्या मार्चमध्ये, राजकोट पोलिसांनी गेमवर बंदीचा आदेश काढला आणि खेळताना दिसलेल्या तरुणांना अटक केली. ज्यांचं नुकसान होतंय असं म्हणायचं त्यांनाच अटक, याहून उलटा कायदा कुठला. पुढे २०२० च्या सप्टेंबरात देशभर बंदी आली ती हिंसेसाठी नव्हतीच, डेटा आणि सुरक्षेच्या कारणाने इतर शंभरावर अ‍ॅपबरोबर आली. बंदीने काय होतं तेही कोरियाने दाखवलं, १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद, असा कायदा त्यांनी २०११ मध्ये केला आणि दहा वर्षांनी स्वतःच मागे घेतला.

मुलांसाठी मला तीन गोष्टी कंपन्यांवर कायद्याने घालाव्याशा वाटतात. अल्पवयीन खात्यात अनोळखी लोकांचा आवाज मुळातच बंद असावा, पालकांनी ठरवून सुरू करावा. तक्रार केली तर त्या सामन्याचं बोलणं जपलं जावं आणि तक्रारीचं काय झालं ते तक्रार करणाऱ्याला कळावं. आणि काढून टाकलेला माणूस पाच मिनिटांत नव्या खात्याने परत येऊ नये. हे अशक्य नाही, २०२३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'त आवाज तपासणारी यंत्रणा बसवली गेलीच. फसवणूक करणारा, म्हणजे भिंतीआडचं दिसणारं सॉफ्टवेअर लावणारा खेळाडू पकडायला याच कंपन्या त्याच्या कॉम्प्युटरची ओळख साठवून कायमची बंदी घालतात. खेळ बिघडवणाऱ्याला जे लागतं ते माणसाला छळणाऱ्याला का लागत नाही?

---

तिसरीघंटा

हे पटलं. म्हणजे खरं नाव न घेताही दारं बंद करता येतात. माझा शेवटचा प्रश्न, छळणारा परदेशात असेल तर?

---

आडवाट

तर फार अवघड आहे, खोटं आश्वासन देणार नाही. परक्या देशातल्या कंपनीकडून माहिती मागवायची तर सरकारांमधल्या परस्पर साहाय्य कराराच्या रस्त्याने जावं लागतं आणि त्यात महिनोन् महिने जातात, सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत नाही. अशा केसमध्ये मी पक्षकाराला सांगतो की पोलीस तक्रार द्याच, पण त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, त्यांनी दाद दिली नाही तर २०२३ पासून केंद्राने नेमलेल्या अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करा. कवडसा, तुझ्याकडे जुने मेसेज अजून असतील तर मला व्यनि (खासगी निरोप) कर, कलमं कुठली बसतात ते बघून सांगतो, फीचा प्रश्न नाही.

---

कवडसा

आहेत सगळे, जुन्या फोनमध्ये. आज रात्री व्यनि करते. शेवंतीताई, तुम्हालाही लिहिते, बऱ्याच गेममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'फक्त मित्रांचा आवाज' असा पर्याय असतो, मुलाबरोबर बसूनच लावा, त्याच्या मागे लपून लावू नका.